खालची डावी दाढ

४ मार्च, सोमवार. सकाळी ८.४०

आजपासून नोंदी. लॅबच्या वहीत फक्त मोजमापं लिहायची असतात. माणसांची जी मोजमापं माझ्याकडे आहेत ती तिथे लिहिण्यासारखी नाहीत. ही वही कोणी वाचणार नाही, त्यामुळे इथे खरं तेच लिहिणार.

वस्तुस्थिती. वय २९. काम: दाताच्या मुळाला पडलेलं भोक बुजवणारं सिमेंट तयार करणं आणि तपासणं. बाजारातलं सिमेंट घट्ट व्हायला चार तास घेतं. माझं, नऊ मिनिटं. चार वर्षांची मेहनत आहे. सर अजून उघडपणे कौतुक करत नाहीत. बाकीच्यांना वाईट वाटेल म्हणून असणार.

खालच्या डाव्या दाढेत किंचित जाणीव आहे. दुखणं नाही, जाणीव. गार पाण्याने वाढते, गरम पाण्याने वाढते, पाणी नसलं की स्थिर असते.

आईला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पूर्ण कवळी लागली. ती कवळी बेसिनवर पेल्यात ठेवते. सकाळी मी ब्रश करत असते तेव्हा माझ्याकडे बघून हसते. कवळी हसते, आई नाही. आईला त्या वेळी हसता येत नाही. आजीचंही असंच होतं. आमच्या घराण्यातली ही परंपरा माझ्यापाशी येऊन थांबेल. मी या क्षेत्रात आले ती त्यासाठीच. इंटरव्ह्यूमध्ये वेगळं सांगितलं होतं.

निश्चय: डावीकडून चावणं बंद. तात्पुरतं.

५ मार्च, मंगळवार. दुपारी १२.१५

माझ्या सिमेंटच्या दहा चकत्या केल्या. नऊ मिनिटांनी प्रत्येकीवर वजनाची सुई ठेवली. ठसा उठला नाही म्हणजे चकती घट्ट झाली. सहांवर ठसा उठला. तपासलं: खोलीत आज ओलावा जास्त होता. त्या सहा वगळल्या. उरलेल्या चारांत यश शंभर टक्के.

शेजारच्या टेबलावर कासव बसतो. हे नाव मी ठेवलं आहे. त्याला ते माहीत नाही, असं मला वाटतं. वय पंचेचाळीस, सहा वर्षं एकाच सिमेंटवर. एखाद्याला सहा वर्षं एकच गोष्ट सुचत असेल तर त्याला चिकाटी म्हणतात, कारण दुसरा शब्द तोंडावर म्हणता येत नाही. त्याने माझ्या चकत्यांकडे बघितलं आणि त्याच्या त्या रविवारच्या दुपारसारख्या आवाजात विचारलं, की मॅडम, तोंडात ओलावा नसतो का?

मी म्हटलं, तोंड ही पुढची पायरी आहे.

सरांनी मग दोघांना बोलावलं. पेशंटवर वापरायला पुढे एकच सिमेंट जाणार, माझं किंवा कासवाचं. दुसऱ्याचं काम कायमचं बंद. साठ काढलेल्या दाढांवर चाचणी: वीस माझ्या, वीस त्याच्या, वीस बाजारातल्या सिमेंटच्या. कासव म्हणाला, छान. कशाला छान म्हणायचं हेही त्याला कळत नाही. दया आली.

७ मार्च, गुरुवार. दुपारी ४.००

जाणीव रात्रभर जागी होती. तळमजल्यावरच्या क्लिनिकमध्ये गेले. तिथली दंतवैद्य माझी सख्खी मावसबहीण. ताई. हात बरा आहे. डोकं हाताच्या मागून चालतं. एक्स-रे बघून म्हणाली, अगं, एवढं किडेपर्यंत काय करत होतीस? रोज वर बसून दातच बघतेस ना? मी म्हटलं, मी काढलेले दात बघते, ते तक्रार करत नाहीत.

रूट कॅनाल लगेच सुरू केलं. ताईने दोनदा बजावलं की मान हलवायची नाही. मुळाची लांबी स्क्रीनवर येते. तिने वीस पूर्णांक पाच मिलिमीटर वाचलं. मला तो आकडा संशयास्पद वाटला. मी फक्त मान वळवून स्क्रीनकडे बघितलं. वीस पूर्णांक पाचच होता.

तेवढ्यात ड्रिल बाजूला गेलं आणि मुळाच्या भिंतीला भोक पडलं.

ड्रिल तिच्या हातात होतं. निष्कर्ष स्पष्ट आहे.

८ मार्च, शुक्रवार. सकाळी १०.२०

रात्री विचार केला. हा अपघात म्हणजे संधी आहे. मुळाला भोक, आणि जगातलं सर्वांत वेगवान भोक-बुजवं दोन मजले वर. ताईला सांगितलं, माझं सिमेंट वापर.

ती किंचाळलीच. म्हणाली, ते अजून कुठल्या उंदराच्या तोंडातही गेलेलं नाही, तुझ्या तोंडात घालू? परवानगी कुठाय? तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू? मी शांतपणे समजावलं. पेशंट असेल तर परवानगी लागते. मी पेशंट नाही, मी कर्ती आहे. ती म्हणाली, खुर्चीत बसून आ केलास की तू पेशंट.

मग मी विचारलं, की भोक कोणाच्या हातून पडलं, हे क्लिनिकच्या मोठ्या डॉक्टरांना कोणी सांगितलं आहे का?

ती बराच वेळ हातमोजे काढत राहिली. दोनच होते.

सोमवार ठरला. नात्यात मोकळेपणा असला की कामं होतात.

११ मार्च, सोमवार. दुपारी १.३०

झालं. नोंद अचूक हवी म्हणून सविस्तर.

ताई म्हणाली, रक्त आहे, आधी जागा कोरडी होऊ दे. मी बोटांनी नऊ दाखवलं. सिमेंट भरलं. नऊ मिनिटांनी टोचून बघितलं तर म्हणाली, मऊ आहे. तिने जोर जास्त लावला होता. पुन्हा नऊ मिनिटं. मऊ. पुन्हा नऊ मिनिटं. घट्ट.

म्हणजे नऊ मिनिटं. तीन वेळा.

वरून साधं फिलिंग बसवलं. ताईने बजावलं की दाढ आता आतून पोकळ आहे, कॅप बसेपर्यंत तिच्यावर काही चावायचं नाही, नाहीतर मूळ तडकेल. मग केसपेपरवर लिहिलं: रुग्णाच्या हट्टावरून. मी म्हटलं, विनंतीवरून लिही. ती म्हणाली, विनंतीला माणूस नाही म्हणू शकतो.

शब्द बदलला नाही. मी सही केली. इतिहासात शब्द राहत नाहीत, दाढ राहते.

१२ मार्च, मंगळवार. सकाळी ८.१५

तोंडात खारट चव. सिमेंट स्थिरावत असल्याचं लक्षण.

आईने विचारलं, गाल का सुजलाय? मी सांगितलं, संशोधन. ती कवळी धुता धुता म्हणाली, माझं संशोधन दोन हजार दहामध्ये पूर्ण झालं.

आईला माझ्या यशाची धास्ती वाटते. स्वाभाविक आहे.

१८ मार्च, सोमवार. दुपारी ३.००

चाचणीसाठी दाढा निवडल्या. दातांच्या बरण्यांचं काम लॅबमधल्या मदतनीस मावशी बघतात. दात उकळणं, घासणं, मोजणं सगळं त्यांच्याकडे. पंचवीस वर्षं. दात हातात घेतला की माणसाचं वय सांगतात, वर दोन शिव्याही देतात, ब्रश न केल्याबद्दल.

बहुतेक दाढा कासवाने जमवलेल्या. सहा महिने बरणी घेऊन क्लिनिकांच्या पायऱ्या चढला म्हणे. त्यातल्या तीन दाढांना भिंगाखाली केसाएवढा तडा दिसला. कासव म्हणाला, भोक पाडता येईल अशा अखंड दाढा मिळत नाहीत हो, घेऊ या, बारीकच आहे. मावशीही म्हणाल्या, राहू द्या मॅडम, बिचाऱ्याने उन्हातान्हात फिरून आणल्यात.

मी कागद छापून भिंतीवर चिकटवला: तडा गेलेला दात चाचणीत घेऊ नये. सरळ टाकून द्यावा. अपवाद नाही. खाली माझी सही.

कासवाने त्या तिन्ही दाढा स्वतःच कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकल्या. एकेक करून. त्यालाही चार सेकंद लागतात.

१९ मार्च, मंगळवार. दुपारी ४.३०

आज फार महत्त्वाचं.

चाचणी आंधळी आहे. म्हणजे कुठली दाढ कोणाच्या सिमेंटची हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. पद्धत अशी: ज्याचं सिमेंट, त्याने ते दारातून आत द्यायचं. आत ताई भरते. मग मावशी त्या दाढांवर नेलपॉलिशचा जाड थर देतात, फक्त बुजवलेल्या भोकाभोवती एक मिलिमीटर मोकळं. प्रत्येक गटाचा रंग वेगळा, चिठ्ठी काढून ठरवलेला. रंगांची यादी लिफाफ्यात, लिफाफा सरांच्या कपाटात. मग दाढा निळ्या शाईत बुडवायच्या. सिमेंट चांगलं असेल तर शाई आत जात नाही. वाईट असेल तर जाते. नंतर दाढ उभी कापायची आणि निळं किती आत गेलं ते मायक्रोस्कोपखाली मोजायचं. मी आणि कासव, दोघांनी वेगवेगळं.

आज माझ्या सिमेंटचा दिवस होता. चार वाजता मावशी बाहेर आल्या. दहाही नखं मरून रंगाची. ताजी, वास येत होता.

मी काहीही विचारलं नाही. फक्त निरीक्षण केलं. निरीक्षणाला मनाई नाही.

२० मार्च, बुधवार. दुपारी ४.१०

कासवाचा दिवस. मावशींची नखं गुलाबी.

पंचवीस वर्षं नोकरी, आणि बाईला आपण लिफाफा बोटांवर घेऊन फिरतोय हे कळत नाही. बाटलीत उरलेलं लावत असणार. गरिबीची सवय. मी हे सरांना सांगणार नाही. उगाच त्यांचं नाव खराब होईल.

२५ मार्च, सोमवार. दुपारी १.४५

डब्याच्या वेळी कासवाने विचारलं, गाल अजून उतरला नाही का? माझं सिमेंट लावून बघा. चार तास बसावं लागेल, मी सोबत बसतो, पण टिकेल. आवाज अगदी मऊ. मला लगेच कळलं: माझ्या तोंडात स्वतःचं सिमेंट घालून वर्षभर मिरवणार.

मी म्हटलं, माझ्या दाढेला चार तास बसायची सवय नाही.

तेवढ्यावर थांबले नाही. सगळ्यांसमोर कडक टोस्ट घेतला आणि डावीकडून चावला. कट् असा आवाज आला. सगळे बघायला लागले. मी म्हटलं, टोस्ट कडक होता.

टोस्ट हातात तसाच होता. अख्खाच. पण तो विषय वेगळा.

२६ मार्च, मंगळवार. सकाळी ९.००

ताईकडे गेले. औपचारिक भेट. तिने दाढेवर आरशाच्या मागच्या टोकाने टक् केलं. मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बाहेर बसलेली एक बाई नंबर सोडून निघून गेली.

एक्स-रेमध्ये मुळाशेजारी काळी सावली आहे. ताई खुर्ची ओढून समोर बसली. असं ती लहानपणी मी पडले की बसायची. म्हणाली, हे बघ, तुझं सिमेंट आत टिकलेलं नाही, वाहून चाललंय. या आठवड्यात काढू, कासवकाकांचं घालू, दाढ वाचेल. नंतर माझ्या हातात काही नाही. मग म्हणाली, हवं तर जाऊन सांग मोठ्या डॉक्टरांना, मीच सांगते, पण ही दाढ वाचवू दे.

म्हणजे कासव हे नाव दोन मजले खाली पोचलं आहे.

मी विचार करून उत्तर दिलं. निकाल पाच एप्रिलला आहे. त्याआधी माझ्याच तोंडातून माझं सिमेंट काढलं तर लोकांत काय संदेश जाईल? पाच एप्रिलनंतर बघू. ताई म्हणाली, दाढेला तारखा कळत नाहीत.

सावली सुमारे तीन मिलिमीटर. एक्स-रेचा कोन चुकला असावा. हा एक्स-रे वगळला.

२८ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ५.३०

मोजमापं सुरू. तिन्ही सिमेंटं कापल्यावर सारखीच पांढरी दिसतात. पण मरून गट पाहिल्याबरोबर कळतं. कणांची बांधणी, कडांची शिस्त. आई आपलं मूल गर्दीत ओळखते तसं.

मरून: शाई जेमतेम अर्धा मिलिमीटर. काही दाढांत शून्य. डोळे भरून आले. उजवा जास्त, मायक्रोस्कोपचा असतो तो.

गुलाबी: अरेरे. शाई सरळ पार. मातीच्या ढेकळावर पाणी ओतावं तशी. कासवा, सहा वर्षं!

शंकेच्या जागा आल्या. मरूनमध्ये शंका आली तिथे खालचा आकडा घेतला. गुलाबीत शंका आली तिथे वरचा. याला पक्षपात म्हणत नाहीत. याला अनुभव म्हणतात.

२ एप्रिल, मंगळवार. दुपारी २.००

कासवाची आणि माझी मोजमापं सरांनी जुळवून बघितली. मरून पहिला, बाजारातलं सिमेंट मध्ये, गुलाबी शेवटचा. दोघांचंही तेच. फरक एवढाच की गुलाबीला त्याने माझ्यापेक्षा बरे आकडे दिलेत. शिवाय सरांना म्हणाला, गुलाबी गटाची कल्पना चांगली आहे, फक्त ओलाव्यात टिकत नाही, ज्याचं असेल त्याला आणखी सहा महिने द्यावेत.

ज्याचं असेल त्याला! मला हसू आवरेना. डावीकडून आवरलं, कारण दुखतं.

स्वतःसाठी भीक मागावी, तीही आंधळ्या चाचणीच्या आडोशाने. आज त्याच्याविषयी उरलासुरला आदर गेला.

ताप ३८.२ सेल्सिअस. थर्मामीटर जुना आहे.

३ एप्रिल, बुधवार. रात्री ९.१५

अहवाल पूर्ण. गुलाबी गटाविषयी माझा परिच्छेद इथे उतरवून ठेवते, कारण चांगला झाला आहे:

गुलाबी गटातलं सिमेंट माणसाच्या तोंडात घालण्यास अयोग्य आहे. हे सुधारण्यात वेळ घालवणं म्हणजे दुसऱ्यांच्या दातांशी खेळणं. या गटाची पुन्हा मोजणी करू नये. कारण दोन्ही मोजणाऱ्यांचं एकमत आहे. याच्या कर्त्याला स्वतंत्र काम देण्याऐवजी अनुभवी व्यक्तीच्या हाताखाली ठेवावं.

शेवटचं वाक्य दयेपोटी घातलं. माणूस पंचेचाळिसाचा आहे, एकदम घरी पाठवू नये. हाताखाली म्हणजे माझ्या. त्याला दाढा घासायला देईन. जमेल.

सर म्हणाले, जरा कठोर होत नाही का? मी म्हटलं, सर, दाढ कठोरच असते.

घरी आल्यावर आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, ज्याच्याबद्दल हे लिहिलंयस त्याला पोरंबाळं आहेत का? मी म्हटलं, विज्ञानात हा प्रश्न नसतो. आई म्हणाली, मग विज्ञानात तोंड सुजल्यावर कोणाकडे जातात?

५ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ८.००

आज निकाल. निळी साडी. निळा रंग शाईला मान म्हणून. गालामुळे चेहरा डावीकडून भारदस्त दिसतो. उजवीकडे वळूनच बसायचं.

दोन ओळींचं भाषण पाठ केलं आहे. त्यात कासवाचा उल्लेख आहे. मोठ्या मनाचा.

५ एप्रिल, शुक्रवार. दुपारी १.००

लिफाफा चुकीचा आहे.

५ एप्रिल, शुक्रवार. दुपारी ४.४०

लिफाफा बरोबर आहे.

क्रमाने लिहिते. सरांनी आधी आमचे अहवाल मोठ्याने वाचले. माझा परिच्छेद आला तेव्हा मी उजवीकडे वळून बसले होते. मग लिफाफा फोडला. मरून, कासव. गुलाबी, मी. जांभळा, बाजारातलं.

मी उभी राहून म्हटलं, चूक आहे, माझा मरून. सरांनी विचारलं, तुम्हाला कसं माहीत?

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता.

मी मावशींच्या नखांचं सांगितलं. मावशींना आत बोलावलं. त्या हात पुसत आल्या, ऐकलं, आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या जसं किडलेल्या दाताकडे बघतात. म्हणाल्या, मॅडम, जो रंग दाढांना लावते तो त्या दिवशी नखांना नसतो माझ्या. मुद्दाम दुसरा लावते. नाहीतर काम करताना बोटाला लागलेला कसा दिसेल? पुसला नाही तर पुढच्या दाढेच्या मोकळ्या जागेवर जाईल की! पंचवीस वर्षं हेच करते. कोणीही विचारलं असतं तर सांगितलं असतं.

कोणीतरी हसलं. ताई नव्हती, तिला मी बोलावलं नव्हतं.

मी म्हटलं, गुलाबी गट पुन्हा मोजावा लागेल. सर म्हणाले, पुन्हा मोजू नये हे तुमचंच वाक्य आहे. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, तुमची मोजमापं चुकीची आहेत असं तुमचं म्हणणं आहे का? तसं असेल तर लिहून द्या, लगेच पुन्हा मोजू.

शंकेच्या जागा मला आठवल्या. अकरा होत्या. लिहून दिलं असतं तर माझं सिमेंट कदाचित वाचलं असतं. मी गेले असते.

मी म्हटलं, माझी मोजमापं अचूक आहेत.

कासव उठला. म्हणाला, सर, मी आधीच म्हटलं होतं, गुलाबीला सहा महिने द्या. आता तर नक्कीच द्या. सर म्हणाले, तुम्ही म्हटलं होतं, पण ज्यांचं आहे त्याच नको म्हणतात.

अहवाल जसाच्या तसा मंजूर. शेवटच्या वाक्यासकट. सोमवारपासून मी कासवाच्या हाताखाली.

भाषण केलं नाही.

५ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ५.५०

सरळ ताईकडे गेले. म्हटलं, कासवाचं सिमेंट घाल, चार तास बसते, आठ बसते. तिने खुर्ची आडवी केली. फिलिंग काढलं, आत दिवा धरला, आरसा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, तूच वाच, मी वाचलेलं तुला पटत नाही.

माझं सिमेंट आत नव्हतं. थोडं पांढरं पाणी होतं. आणि तळापासून कडेपर्यंत एक काळी रेघ. तडा. केसाएवढा.

ताईने विचारलं, काही कडक चावलं होतंस का?

मी म्हटलं, नाही.

तिने केसपेपर पुढे ओढला आणि दाढ काढायची तारीख घातली. सोमवार.

८ एप्रिल, सोमवार. रात्री ९.३०

दाढ काढली. वेळ: नऊ मिनिटं. ताईने हे मुद्दाम सांगितलं असं वाटत नाही.

बशीत टण् असा आवाज झाला. दोन तुकडे जेमतेम धरून होते. ताई म्हणाली, घरी नेतेस का बरणीत टाकू? मी म्हटलं, बरणीत. दान केलेली दाढ. विज्ञानासाठी. मी स्वतः केलेलं सिमेंट, स्वतःची दाढ, पडलेलं भोक तयार. कासवाला पुढच्या चाचणीला भोक असलेल्या दाढा लागणारच आहेत. निदान आकड्यांत तरी राहीन. फॉर्म भरला. स्त्री, २९. काढण्याचं कारण या रकान्यात ताईने लिहिलं: उशीर.

मी म्हटलं, वैद्यकीय कारण लिही. ती म्हणाली, हेच आहे.

जाताना तिने विचारलं, भोकाचं सांगणार आहेस का वर? मी म्हटलं, विचार करते. ती म्हणाली, करू नकोस, मी आठ मार्चलाच सांगितलं होतं. तू गेल्यावर दहा मिनिटांत.

म्हणजे अकरा तारखेला तिला घाबरायचं काही कारणच नव्हतं. मग भरलं का, विचारलं. म्हणाली, दुसरीकडे गेली असतीस तर त्यांनी सत्तावीस मिनिटं थांबून बघितलं नसतं.

रात्री आईने पेज केली. बेसिनवर नवा पेला होता. पहिल्यापेक्षा मोठा. म्हणाली, सेलमध्ये होता, दोघींचं मावेल पुढेमागे.

१५ एप्रिल, सोमवार. दुपारी ३.२०

नवीन काम. नेलपॉलिश लावते. मावशी शिकवतात. थर जाड हवा, ब्रश एकाच दिशेने, नखांना दुसरा रंग. मला आज जांभळा लावून दिला. एका बोटाला माझा हात हलला तर म्हणाल्या, मान हलवायची सवय हातालाही आहे का? ताईने सगळं सांगितलेलं दिसतं.

कासव मला मॅडमच म्हणतो. सकाळी टेबलावर मऊ केळं ठेवून गेला. मी खाल्लं नाही. अकराला अर्धं खाल्लं.

दुपारी नवीन बरणी उघडली. मावशी एकेक दाढ भिंगाखाली धरून निवडत होत्या. माझी दाढ मी लगेच ओळखली. गर्दीत ओळखू येते. मी ब्रश पुसत राहिले. मावशींनी तिला उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली. म्हणाल्या, वय तिशीच्या आत. घासायची व्यवस्थित, पण कोणाचं ऐकायची नाही.

मग म्हणाल्या, तडा आहे. ही नाही चालणार.

मी म्हटलं, बारीकच आहे, राहू द्या.

त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. गुलाबी नख. खाली माझी सही.

मी म्हटलं, मावशी, ती माझी आहे.

मावशी थांबल्या. दाढेकडे बघितलं, माझ्या गालाकडे बघितलं. मला वाटलं ठेवतील. कासवही मान वर करून बघत होता. तो म्हणाला, मावशी, एक अपवाद...

मावशी म्हणाल्या, तुमच्या तीन टाकल्या तेव्हा केला होता का कोणी?

पिवळ्या पिशवीत टाकली. आवाज झाला नाही. खाली कापूस असतो.

नोंदवहीत मलाच लिहायला लावलं. लिहिलं: एक नमुना. तडा. वगळला.

निश्चय: डावीकडून चावणं बंद.